लाइन डान्स गट : कोजागिरीपर्यंतचे वेळापत्रक, नव्या रचना आणि मंचाचा प्रश्न

धागालेखिका (सेलू तालुका, जिल्हा वर्धा)

नमस्कार. श्रावण संपत आला आहे आणि पोळा तोंडावर आहे. एकदा पोळा, तान्हा पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या सुरू झाल्या की कोणालाच सवड मिळणार नाही, म्हणून कोजागिरीपर्यंतचा बेत आताच मांडून ठेवते. ज्यांना बदल सुचवायचे असतील त्यांनी ते याच धाग्यावर सुचवावेत. फोनवर प्रत्येकीशी वेगळे ठरते आणि मग ऐन वेळी समाजभवनाची किल्ली कोणाकडे आहे, हेच कळत नाही.

यंदा १७ मे ते १५ जून २०२६ असा ज्येष्ठ अधिक मास येऊन गेल्यामुळे सगळे सण गेल्या वर्षीपेक्षा अडीच-तीन आठवडे पुढे सरकले आहेत. घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा २० ऑक्टोबरला आणि कोजागिरी रविवारी, २५ ऑक्टोबरला आहे. याचा आपल्याला मोठाच फायदा आहे. एरवी कोजागिरीच्या सुमारास सोयाबीन कापणी आणि मळणी ऐन भरात असते आणि वावरातून आलेल्या बाईला पाय हलवण्याचीही इच्छा राहत नाही. यंदा तोपर्यंत बहुतेकांचे सोयाबीन घरात आलेले असेल आणि सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन कापसाचा पहिला वेचा सुरू झालेला असेल. वेचणीचे काम कमी कष्टाचे नाही, परंतु सायंकाळी घरी परतण्याची वेळ तरी ठरलेली असते.

त्यानुसार सराव असा ठेवावा असे वाटते. पोळ्यापर्यंत मंगळवार आणि शुक्रवार, सायंकाळी साडेसात ते सव्वाआठ. पोळ्यापासून महालक्ष्म्यांचे विसर्जन होईपर्यंत पूर्ण सुट्टी. भाद्रपद पौर्णिमेला, म्हणजे २६ सप्टेंबरला, भुलाबाई (आपल्याकडचा भोंडला) बसते. तेव्हापासून सोयाबीन निघेपर्यंत फक्त रविवारी सराव, कारण त्या दिवसांत मंगळवार-शुक्रवारचा आग्रह धरला तर ज्यांना मजुरीला जावेच लागते त्या बाया गळतील आणि ज्यांच्या घरी गडी आहेत त्यांचाच गट उरेल. दसऱ्याला आपल्यापैकी अनेक जणी दीक्षाभूमीला जातात, म्हणून १८ ते २१ ऑक्टोबर काहीही ठेवलेले नाही. २२, २३ आणि २४ या तीन सायंकाळी मात्र सर्वांनी यावे.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडे सांगते. लाइन डान्समध्ये सगळे जण रांगांमध्ये, एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात आणि ठरलेली पावले एकाच वेळी टाकतात. हा प्रकार अमेरिकेत १९७० च्या दशकात डिस्कोच्या काळात रुजला आणि १९९० च्या दशकात तिकडच्या कंट्री संगीतासोबत जगभर पसरला. मी तो लेकीकडे इंग्लंडमध्ये असताना शिकले. तिथल्या खेड्यांतल्या सभागृहांत माझ्याच वयाच्या बाया दुपारच्या वेळी तो करतात. यात जोडीदार लागत नाही, कोणाचा हात धरावा लागत नाही, आणि आपल्या गावात हीच गोष्ट निर्णायक ठरली. प्रत्येक रचनेचे मोज (तालाचे ठोके) ठरलेले असतात, बहुधा ३२, ४८ किंवा ६४. ते पूर्ण झाले की काही रचनांत सगळी रांग पाव वळण घेऊन दुसऱ्या भिंतीकडे तोंड करते आणि तीच पावले पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. चार वेळा वळून मूळ दिशेला आलो की ती रचना चार भिंतींची. एकदाही वळलो नाही तर एका भिंतीची.

आपली पहिली रचना ३२ मोजांची आणि चार भिंतींची आहे. पहिल्या आठ मोजांत ग्रेपव्हाइन : उजवा पाय उजवीकडे, डावा त्याच्या मागून, पुन्हा उजवा बाजूला, आणि चौथ्या मोजाला डावा पाय जवळ टेकवून टाळी, मग तेच डावीकडे. पुढच्या आठांत तीन पावले पुढे आणि टाच, तीन पावले मागे आणि चवडा. तिसऱ्या आठांत चारही तिरप्या दिशांना एकेक पाऊल आणि टाळी. शेवटच्या आठांत जॅझ बॉक्स दोनदा : उजवा पाय डाव्यावरून पुढे, डावा मागे, उजवा बाजूला, डावा पुढे, दुसऱ्या जॅझ बॉक्समध्ये उजवीकडे पाव वळण. मूळ पद्धतीत टाचेच्या जागी हवेत पाय झटकतात. लुगड्यात ते शोभतही नाही आणि जमतही नाही, म्हणून आपण टाच ठेवली आहे. लुगडे किंवा साडी नेसून ग्रेपव्हाइन करताना मागून जाणारा पाय निऱ्यांत अडकतो. पाऊल वीतभर लहान घेतले तर अडकत नाही. ही एक गोष्ट नव्या प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी सांगा.

आता मुख्य विषय. आपल्याला दोन ठिकाणांहून विचारणा झाली आहे. एक म्हणजे कोजागिरीला आपल्याच गावात, शाळेमागच्या मोकळ्या जागेत कार्यक्रम करावा. दुसरी तालुक्याच्या गावी नवरात्रात होणाऱ्या नृत्यस्पर्धेची आहे. माझे मत पहिल्याच्या बाजूने आहे आणि दुसरे घेऊ नये असे मला वाटते. तरीही निर्णय सर्वांचा असावा, म्हणून कारणे खाली प्रतिसादांत सविस्तर देईन. आधी आपली मते येऊ द्यावीत.

सभासद (त्याच गावातील, बचत गटाच्या सचिव)

ताई, वेळापत्रक योग्य आहे. फक्त शुक्रवारी आमच्या बचत गटाची बैठक साडेसहाला असते आणि ती नेहमी लांबते. शुक्रवारऐवजी गुरुवार करता आला तर आमच्या गटातील सगळ्या बाया येऊ शकतील.

स्पर्धेबाबत माझे मत वेगळे आहे. बक्षिसाची रक्कम मिळाली तर आपल्याला बॅटरीवर चालणारा चांगला स्पीकर घेता येईल. सध्याचा स्पीकर वीज गेली की बंद पडतो आणि भारनियमनाच्या दिवसांत निम्मा सराव तोंडी मोजण्यावरच होतो. शिवाय तरुण मुलींना मंचाची हौस आहे. ती हौस आपण पुरवली नाही तर त्या गटात टिकणार नाहीत.

सभासद (हिंगणघाट तालुका, निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक)

मी गटात नाचत नाही, पण माझ्या सौभाग्यवती येतात आणि घरी माझ्याकडून मोज म्हणवून घेतात. त्या अधिकाराने दोन शब्द लिहितो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या चाळिशीपुढील जवळजवळ प्रत्येक बाईने लेझीम केलेले आहे. रांग धरणे, शेजारणीच्या खांद्याच्या रेषेत राहणे, आठ मोजांनी हालचाल बदलणे आणि इशारा मिळताच दिशा बदलणे, हे सगळे त्यांच्या अंगात आहे. म्हणून त्यांना शिकवताना पावलांची परकी नावे आधी सांगण्याऐवजी लेझमीच्या आज्ञेप्रमाणे एक मोज आधी हाक द्यावी. सातव्या मोजाला ‘डावीकडे’ अशी हाक दिली तर आठव्याला सगळ्यांचे वजन योग्य पायावर येते. हाक पहिल्या मोजालाच दिली तर अर्धी रांग चुकते आणि दोष मात्र बायांच्या वयाला दिला जातो.

दुसरे, चार भिंतींच्या रचनेत चांगले येणारे सगळे पुढच्या रांगेत उभे करू नयेत. पहिले वळण झाले की ती पुढची रांग बाजूची होते आणि दुसऱ्या वळणानंतर मागची. जाणकार बाया चारही कडांना आणि नवशिक्या मधोमध असाव्यात, म्हणजे तोंड कोणत्याही दिशेला असले तरी त्यांना समोर बघून करता येते.

सभासद (आर्वी तालुका, भजनी मंडळात ढोलकी वाजवतात)

गुरुजींनी रांगेचे सांगितले, मी तालाचे सांगतो. गेल्या महिन्यात मला सरावाला बोलावले होते तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तुमच्या ३२ मोजांच्या रचनेला केरवा ताल अगदी चपखल बसतो, कारण केरव्याचे आवर्तन आठ मात्रांचे असते. एका मात्रेला एक मोज धरला तर चार आवर्तनांत रचना पूर्ण होते. भजनी ठेकाही आठ मात्रांचाच, त्यामुळे आमच्या मंडळातल्या कोणालाही हे वाजवता येईल. फक्त लय ठाय, म्हणजे संथ, असू द्या. लय चढवून लग्गी (दुपटीतला ठेका) सुरू केली की आवर्तन तुमच्या चारच मोजांत संपते आणि बाया गोंधळतात. वाजवणाऱ्याला वाटते रंग भरला, आणि नाचणाऱ्यांचे पाय जागीच थांबलेले असतात.

भुलाबाईच्या गाण्यांवर रचना बसवायची असेल तर मात्र सरसकट ३२ मोज चालणार नाहीत. त्यांतली बरीच गाणी दादऱ्याच्या वळणाने जातात आणि दादरा सहा मात्रांचा असतो. तिथे तीन-तीनच्या पावलांची रचना घ्यावी लागेल. ताईंनी मला वॉल्ट्झच्या (तीन-तीन मोजांच्या) तालावरच्या लाइन डान्स रचना दाखवल्या होत्या, त्या २४ किंवा ४८ मोजांच्या असतात. २४ मोज म्हणजे दादऱ्याची चार आवर्तने आणि ४८ म्हणजे आठ, त्यामुळे हिशेब पूर्ण जुळतो. अडचण एवढीच की ही गाणी बायांच्या तोंडी वाढत जातात. एका कडव्यात एक नातेवाईक, पुढच्यात दोन, त्याच्या पुढच्यात तीन. म्हणजे प्रत्येक कडव्याची लांबी वेगळी. यावर उपाय काय, हे तुम्ही सांगावे.

धागालेखिका

भाऊ, यावर लाइन डान्समध्ये दोन जुने उपाय आहेत. गाण्याचे कडवे रचनेआधीच संपले तर रचना अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्या मोजापासून सुरू करतात. याला रीस्टार्ट म्हणतात. कडवे रचनेपेक्षा थोडे लांब असेल तर उरलेल्या मोजांसाठी चार-सहा सोपी पावले जोडतात, तो टॅग. भुलाबाईच्या वाढत्या गाण्याला टॅगच योग्य ठरेल : जेवढी नाती वाढतील तेवढ्या वेळा जागच्या जागी झुलायचे, तीन मोज उजवीकडे आणि तीन डावीकडे, आणि ध्रुवपद आले की रचना पहिल्यापासून. यामुळे बायांना मोजत बसावे लागणार नाही, गाणेच त्यांना कुठे आहोत ते सांगेल. अर्थात मोज आणि गाणे यांचा मेळ बसलाच पाहिजे असा काही कायदा नाही. जगभर सर्वांत परिचित असलेल्या इलेक्ट्रिक स्लाइडची प्रचलित रचना १८ मोजांची आहे. ती गाण्याच्या कडव्याशी कधीच जुळत नाही आणि तरीही लग्नाकार्यांत आबालवृद्ध ती आनंदाने करतात. तरी पहिल्यांदा करताना मेळ असलेला बरा.

बचत गटाच्या ताईंची सूचना मान्य. शुक्रवारऐवजी गुरुवार केला आहे.

सभासद (साकोली तालुका, जिल्हा भंडारा)

आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडार (आमच्याकडचे लोकनाट्य) आणि रात्री नाटक हा ठरलेला क्रम आहे. आमच्याकडच्या मंचाची परंपरा मोठी आहे. या रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सर्वांना माहीत असेल. म्हणून मंचाला कमी लेखण्याचा माझा उद्देश नाही. तरीही धागालेखिका ताईंच्या म्हणण्याकडे माझा कल आहे. दंडारीत बघणारे चहूबाजूंनी बसतात आणि करणारा आपल्यातलाच असतो, त्यामुळे तिथे पाठ कोणाकडे झाली हा प्रश्नच येत नाही. चार भिंतींची रचना तुम्ही मंचावर नेली तर परीक्षकांना चारपैकी एकदा तुमच्या पाठी दिसतील आणि दोनदा नुसते खांदे. मग तुम्ही वळणे काढून टाकाल, आणि वळणे काढली की उरलेल्या नाचात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाचात काय फरक राहिला?

यंदा भाऊबीज ११ नोव्हेंबरच्या सुमारास येते. आपल्या गटाला आमच्या गावच्या मंडईत दिवसा, दंडारीच्या आधी, अर्धा तास मोकळ्या जागेत करता येईल का, याची विचारणा मी आमच्या मंडळींकडे करू शकतो. हे आमंत्रण समजू नये. अजून कोणाशी बोललेलो नाही.

सभासद (आरोग्य सेविका, देवळी तालुका)

सर्वांना एक विनंती. मंच की मोकळी जागा हा वाद चालू द्या, पण हा गट ज्या बायांसाठी सुरू झाला त्यांच्यात साखर, रक्तदाब आणि गुडघेदुखी असलेल्या पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा आणि स्नायूंच्या ताकदीचा सराव करावा, जेणेकरून पडण्याचा धोका कमी होतो. लाइन डान्समध्ये वजन सतत एका पायावरून दुसऱ्यावर जाते, मागे पाऊल टाकावे लागते आणि दिशा बदलते. हा तोलाचाच सराव आहे. वावरात दिवसभर काम करणाऱ्या बाईला श्रम कमी पडत नाहीत हे खरे, पण वाकून केलेली वेचणी आणि ताठ उभे राहून केलेला तोलाचा सराव या वेगळ्या गोष्टी आहेत. वेचणीच्या दिवसांत सरावाआधी पाच मिनिटे कंबर आणि पोटऱ्या सैल करून घ्याव्यात.

आता फरशीबद्दल. समाजभवनाची नवी फरशी गुळगुळीत आहे आणि मोज्यांवर तिथे कोणीही नाचू नये. याउलट सारवलेल्या अंगणात किंवा मातीच्या जागेत तळवा धरून राहतो. तिथे एका पायावर गिरकी घेतली तर पाय तिथेच राहतो आणि गुडघा मात्र वळतो. मातीवर गिरकीऐवजी दोन पावलांत वळण घ्यावे. ज्यांचे गुडघ्याचे शस्त्रक्रियेचे बोलणे सुरू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे.

सभासद (त्याच गावातील, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

काकूंनी मंचाची हौस आमच्या नावावर टाकली आहे, म्हणून लिहिते. हौस आहे हे खरे. पण आमची खरी अडचण दुसरीच आहे. मागे एका सरावाच्या वेळी खिडकीतून कोणीतरी चित्रीकरण केले आणि ते गावातल्या व्हॉट्सॲप गटावर फिरले. त्यानंतर माझ्या दोन मैत्रिणींना घरून परवानगी मिळाली नाही आणि एका काकूंनी येणे थांबवले, ते आजतागायत. स्पर्धेच्या ठिकाणी प्रत्येकाच्या हातात मोबाइल असेल आणि त्यावर आपला कोणताच ताबा राहणार नाही. गावात निदान कोण उभे आहे हे दिसते आणि हटकता येते. त्यामुळे मला कोजागिरीच हवी आहे. मात्र तिथे आम्हाला एक रचना आमच्या पसंतीच्या गाण्यावर करू द्यावी आणि ती जलद असावी.

धागालेखिका

सर्वांचे आभार. साकोलीच्या भाऊंनी माझे अर्धे म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडले. उरलेले असे : स्पर्धेसाठी आठ किंवा दहा जणी निवडाव्या लागतील. त्या आठ जणी कोण, हे कोण ठरवणार? ज्या दिवशी आपण आठ निवडू, त्या दिवशी उरलेल्या बघणाऱ्या होतील, आणि बघण्यासाठी आपल्या बायांना या गटाची गरज नव्हती. स्पीकरचा खर्च हा खराच प्रश्न आहे, तो मी नाकारत नाही. त्यासाठी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत अर्ज देऊ. त्याआधी जी महिला सभा होईल तिथे आपण सगळ्या जणी हजर राहून समाजभवन आठवड्यातून दोन सायंकाळ राखून मिळावे आणि स्पीकरची सोय व्हावी, हे दोन्ही विषय मांडू. महिला सभेत आपल्याकडे एरवी सह्यांपुरत्याच बाया जातात. यंदा मागण्याजोगे काहीतरी आहे.

कोजागिरीचा कार्यक्रम असा ठरवते. सायंकाळी सातला सुरुवात, कारण ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक किंवा वाद्येही वाजवता येत नाहीत. सणासुदीसाठी शासन काही दिवस बारापर्यंत सवलत देते, परंतु ती यादी आपल्या हाती येईपर्यंत त्यावर विसंबून राहू नये. पावणेदहाला स्पीकर आणि ढोलकी बंद. त्यानंतर दूध आटेपर्यंत भुलाबाईची गाणी, नुसत्या टाळ्यांवर.

तीन रचना होतील. पहिली सगळ्यांची, केरव्यावर, ढोलकी भाऊंची. दुसरी मुलींची, त्यांच्या गाण्यावर, हवी तेवढी जलद, एका भिंतीची; ज्यांना मंचाचा सराव हवा त्यांना तो तिथेच मिळेल. तिसरी दादऱ्यावर २४ मोजांची, टॅगसह, आणि ती बघायला आलेल्यांनाही रांगेत घेऊन करायची. चित्रीकरण आपल्यापैकी एकच जण करेल आणि ते गटाबाहेर जाणार नाही. हे सुरुवातीलाच जाहीर करू आणि सरपंचांनाही तसे सांगून ठेवू. मंडईबद्दल साकोलीच्या भाऊंनी जरूर विचारावे. कोजागिरीनंतरच्या आठवड्यात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीसाठी आपल्यातल्या अनेक जणी मोझरीला जातात, त्यामुळे नोव्हेंबरच्या आधी मंडईची तयारी सुरू होणार नाही, एवढे त्यांना कळवावे.

सभासद (बचत गटाच्या सचिव)

मान्य आहे. स्पर्धेच्या आयोजकांना नकार मी कळवते. महिला सभेसाठी अर्जाचा मसुदा येत्या गुरुवारी सरावाला घेऊन येते, सगळ्यांनी वाचून सही करावी. दूध आमच्याच गटातील ज्यांच्याकडे म्हशी आहेत त्या देतील, साखर आणि मसाल्याची वर्गणी वेगळी काढू.

सभासद (आर्वी तालुका, ढोलकी)

मग मी पहिल्या रविवारी, २७ सप्टेंबरला, येतो. दादऱ्याची रचना आधी ढोलकीशिवाय पक्की करून ठेवा. आणि ताई, शाळेमागची ती जागा पावसाळ्यानंतर उंचसखल होते. दसऱ्यानंतर कोणाचा तरी ट्रॅक्टर लावून ती एकदा सपाट करून घ्यावी लागेल.

धागालेखिका

ट्रॅक्टरचे आमच्या घरून बघते. खडूऐवजी चुन्याच्या रेषा मारू, मातीवर खडू दिसत नाही.